लिंडनच्या दगडाची पंगत

ओल्ड मॅसेट,
९ फेब्रुवारी

प्रिय म्युरिएल हिला लविनाचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष नाही, तक्रारी मात्र पुष्कळ आहेत.

पहिली तक्रार फोनची. गेल्या रविवारी आपण फोनवर बोललो, म्हणजे तू हॅलो म्हणालीस, मी म्हणाले लिंडनच्या थडग्याचा दगड आला, आणि पुढे दोघीही नुसत्या नाक ओढत बसलो. कामाचं एक अक्षर ठरलं नाही. म्हणून हे पत्र. पत्र लिहिताना रडू आलं तर कागद बाजूला सारून मोकळं व्हावं आणि परत येऊन पुढचं वाक्य लिहावं. दगड बसेपर्यंत आपण पत्रंच लिहू या.

तर दगड आला. काळा, गुळगुळीत, वर आमच्या कुळाचा कावळा कोरलेला. कोरणाऱ्याने चोच जरा जास्तच वाकवली आहे. माझा भाऊ ऑर्विल म्हणाला की हा गरुडच दिसतोय, म्युरिएलच्या गरुड कुळातली माणसं एकदा घेऊन गेली की परत देणार नाहीत. दगड बसवायचा दिवस आणि पंगत जूनच्या शेवटच्या शनिवारी, तुमच्या स्किडेगेटच्या हॉलमध्ये. पोर तिथेच वाढलं, तिथेच पुरलं, तेव्हा जेवणही तिथेच. जेवू आम्ही घालायचं, भेटवस्तू आम्ही द्यायच्या. दगड उचलायचा आणि बसवायचा तुम्ही. मी मावशी, तू आत्या; आईकडून तो कावळा, पण अखेरचं सगळं करायचं बापाच्या बाजूने, हे तुला मी शिकवायला नको. तुझ्या पुतण्यांना मात्र शिकव. अंत्यविधीच्या दिवशी ते खड्डा खणायचा सोडून फावड्यांवर रेलून हॉकीच्या गप्पा मारत होते.

दुसरी तक्रार लोकांची. काल दुकानात एका बाईने (नाव लिहीत नाही, तुला कळेलच) मला बटाट्यांच्या पोत्यामागे नेलं आणि हळूच विचारलं की लिंडनने पुन्हा सुरू केलं होतं का. एकतिसाव्या वर्षी झोपेत गेला म्हणजे तसलंच काहीतरी असणार, असं तिला वाटतं. मी मोठ्याने सांगितलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, की नशेच्या सुईच्या दिवसांत हृदयाच्या झडपेला जी कीड लागली ती तशीच राहिली. पोरगा सुधारला, झडप सुधारली नाही. बाई बटाटे न घेताच गेली.

बाकी ऑर्विल या वेळी बोलायचं म्हणतो. आईचा भाऊ तोच, हक्क त्याचाच. भाषणाची तयारी तो आतापासून करतोय, दाढी करताना आरशासमोर.

तुझा रानबेरीचा केक पंगतीला आण, पण मागच्यासारखा मध्ये कच्चा नको. लोभ आहेच, केक चांगला झाला तर वाढेल.

तुझी,
लविना


स्किडेगेट,
२३ फेब्रुवारी

प्रिय लविना हिस,
गरुडांचा कावळ्यांना नमस्कार, अर्थातच वरून खाली.

केक कच्चा नव्हता, तुझे दात जुने झाले आहेत. पुतण्यांना तुझा निरोप वाचून दाखवला. ते म्हणाले, लविनामावशीने आम्हाला फक्त एकदा डोळे वटारून दाखवावेत, दगड आपणहून चालत जाईल.

तारीख ठीक आहे. हॉल मी धरून ठेवते. पण ऑर्विलच्या भाषणाचं मला पटलेलं नाही, आणि मी पोटात एक ओठात एक ठेवणाऱ्यांतली नाही. अंत्यविधीच्या जेवणात काय झालं ते शंभर माणसांनी पाहिलं. तो बोलायला उठला, टेबलाला टेकला, टेबल कलंडलं, आणि हॅलिबट माशाच्या सुपाचं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन तो जमिनीवर बसला. सूप माझं होतं याचं दुःख नाही. पण लिंडनच्या मंगळवारच्या बैठकीतली, नशा सोडू पाहणारी ती पोरं तिथे होती, लविना. त्यांतली अर्धी त्या दिवशी कशीबशी उभी होती, आणि लिंडनचा सख्खा मामाच त्यांच्यासमोर तर्र होऊन पडला. त्यानंतरच्या आठवड्यात दोघं पुन्हा प्यायला लागले. मी ऑर्विलला दोष देत नाही. पण आणखी एकदा हे नको.

मंगळवारची बैठक मात्र चालू आहे. किल्ली आता रोझलिनकडे असते. तीच ती, लांब वेणीवाली, जिला लिंडनने मुख्य भूमीवरच्या कुठल्याशा बसस्थानकावरून घरी आणलं. ती सांगत होती की तो कधीच विचारायचा नाही किती दिवस झाले सोडून. म्हणायचा, दिवस मोजले की चुकलेला माणूस तोंड लपवतो आणि परत येत नाही. तो विचारायचा, आज काय खाल्लंस? आणि काही खाल्लं नसेल तर पुढचं बोलणं खाण्यावर. या बैठकीत लोक रडले कमी आणि जाडे जास्त झाले, असं रोझलिन म्हणते.

मला आठवतो तो बिंगोचा दिवस. मध्यंतरात हा उठला आणि आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना नाकात मारायचा तो फवारा वाटला, नशा जास्त होऊन कुणाचा श्वास बंद पडत असेल तर द्यायचा तो. कसा मारायचा ते दाखवायला कुणी तयार होईना, तर स्वतःच टेबलावर आडवा झाला आणि म्हणाला, आत्या, समज मी मेलोय. मी म्हटलं मेल्या, तुला खरंच मारीन. पण शिकलो आम्ही सगळ्या. माझ्या पर्समध्ये तो अजून आहे. मी चर्चला जाताना रुमाल विसरते, तो विसरत नाही.

तेव्हा भाषणाला दुसरं कुणी बघ. राग मानू नकोस. मानलास तरी उत्तर लिही.

तुझी,
म्युरिएल


ओल्ड मॅसेट,
१७ एप्रिल

प्रिय म्युरिएलला नमस्कार आणि तू पाठवलेल्या हेरिंग माशाच्या अंड्यांबद्दल आभाराचं हावा, हावा, हावा! समुद्रशेवाळाच्या पानांवर एवढा जाड थर या वर्षी आमच्याकडे कुणालाच मिळाला नाही. निम्मी खाल्ली, निम्मी गोठवली, आणि शेजारणीला सांगितलं की सगळी संपली.

उत्तराला उशीर झाला कारण मी राग मानला होता. आठवडाभर मानला. मग तुझ्याविरुद्ध लिहायला बसले आणि लिंडनच आठवत राहिला.

दोन हिवाळ्यांपूर्वी तो दर शनिवारी इकडे यायचा, दीड तास गाडी हाकत. ऑर्विलबरोबर लाकडं फोडायचा, जेवायचा, जायचा. दारूबद्दल एक शब्द नाही. मीच एकदा भडकले. म्हटलं, सगळ्या बेटाला सोडवत फिरतोस आणि सख्खा मामा तुझ्यासमोर बाटली उघडतो, त्याला काहीच कसं म्हणत नाहीस? तर हसून म्हणाला, मावशी, मी कुणालाच सोडवत नाही. ज्याचं तो सोडतो. मी फक्त जवळपास असतो, म्हणजे त्या वेळी त्याला शोधाशोध नको. मला तेव्हा ते आळशीपणाचं बोलणं वाटलं होतं.

आता खरी बातमी. तुझं फेब्रुवारीचं पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं ठेवलं. चुकून. कॉफीच्या डब्याला टेकवून. ऑर्विलने वाचलं. पातेल्याच्या भागाला तो हसला, मी बाहेरून ऐकलं. पुढे त्या दोघा पोरांबद्दल वाचलं असणार, कारण मग खुर्ची जोरात मागे सरकली. नंतर मागे जाऊन त्याने इतकी लाकडं फोडली की मला पुढच्या वर्षीपर्यंत बघायला नको. सोमवारी दवाखान्यात गेला आणि सांगितलं की मला कुठेतरी पाठवा.

मुख्य भूमीवर आत कुठेतरी, डोंगरांपलीकडे, एक उपचारघर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याला तिथे जागा मिळतेय. सहा आठवड्यांचं काम, म्हणजे पंगतीआधी परत. बघितलंस? तू नको म्हणालीस म्हणून तो जातोय आणि येऊन बोलणार आहे. दोघींचंही खरं झालं. असं आपल्यात यापूर्वी कधी झालं नव्हतं.

पंगतीच्या शालींना बटणं शिवायचं चाललं आहे. डोळे गेले, बोटं गेली, लोभ तेवढा शाबूत.

लविना


उपचारघर, मुख्य भूमी
२ जून

ती. म्युरिएलताईस सुपात बसलेल्या ऑर्विलचा साष्टांग नमस्कार. साष्टांगाची मला सवय आहे हे तुम्ही पाहिलंच आहे.

मी आयुष्यात पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर हसा. इथे बरं आहे. समुद्र नाही. सकाळी उठून खिडकी उघडतो तर कशाचाच वास येत नाही, पाण्यालाही नाही. जेवणात कोंबडी, कोंबडी आणि रविवारी कोंबडी. एकदा मासा म्हणून काहीतरी दिलं, चौकोनी. मी स्वयंपाक्याला विचारलं की या माशाचं डोकं कुठल्या बाजूला असतं. तेव्हापासून तो मला दोन वेळा वाढतो. खोलीतला सोबती लाकूडतोड्या आहे, घोरतानाही तोडतच असतो.

इथे कामाला असलेली एक कोवळी पोरगी रोज विचारते की आज कसं वाटतंय. पहिल्या आठवड्यात मी म्हणायचो, धक्क्यावर विसरलेल्या हॅलिबटसारखं. आता तिला खरं सांगतो, ते जास्त कठीण आहे. कातडी कामही शिकवतात. माझं शिवण बघून शिक्षक म्हणाला, ऑर्विल, जाळं विणल्यासारखं नको. मी म्हटलं मला तेवढंच येतं.

आता ज्यासाठी लिहितो ते. माझे सहा आठवडे आणखी दोन आठवड्यांत संपतील. इथले लोक म्हणतात अजून तेवढंच राहा, अर्ध्यात पाय निघाला तर टिकणार नाही. मध्ये गेलो तर जागा जाते, रांगेत माणसं आहेत. लविनाताईला फोन केला. तिने एवढंच सांगितलं की बिऱ्हाड उचल आणि ये. भाच्याच्या दगडाला मामा नसेल तर कावळ्यांनी तोंड कुठे दाखवायचं.

ताई, भाषणापुरता मी उभा राहीन. तेवढी खात्री आहे. शुद्धीत उभा राहीन आणि चांगलं बोलेन. पण सगळे जेवून घरी गेल्यावर, हॉल झाडून झाल्यावर, त्यानंतरची खात्री मला देता येत नाही. लविनाताईला हे सांगितलं तर ती म्हणेल मी तुझ्या उशाशी बसते. ती बसेलही. पण किती दिवस?

तुम्ही माझ्याबद्दल सरळ नाही म्हणाला होतात, म्हणून तुम्हालाच विचारतो. काय करू?

आपला,
ऑर्विल

ता. क. लिंडन अशा वेळी काय करायचा ते आठवून पाहिलं. तो शिट्टी वाजवायचा. ते जमत नाही, पुढचा दात नाही.


स्किडेगेट,
९ जून

चि. ऑर्विलला म्युरिएलताईचे आशीर्वाद, आणि ते फुकट नाहीत.

फेब्रुवारीत मी म्हणाले ऑर्विलने बोलू नये. आता म्हणते ऑर्विलने येऊही नये. तू म्हणशील या बाईला मी कुठेच चालत नाही. तसं समज हवं तर.

तिथेच राहा. दगड काही पळून जात नाही. आम्ही तो नीट बसवू. पुतण्यांची तालीम रोज घेतेय, वाळूची पोती उचलायला लावून. तुझी बहीण माझ्यावर चिडेल, ते माझं मी बघेन. चाळीस वर्षं बघतेच आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. लिंडन असता आणि तू पंगतीसाठी पळून आला असतास, तर त्याने तुला वाटीभर सूप पाजलं असतं, गाडीत बसवलं असतं आणि पुन्हा तिथेच नेऊन सोडलं असतं. वाटेत शिट्टी वाजवत. त्याचा तेवढा खेप घालायचा त्रास वाचव.

आणि त्या चौकोनी माशावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या नावाने सुकवलेला सॅमन पाठवतेय, लाकूडतोड्यालाही दे, खाताना तरी घोरणार नाही.

म्युरिएलताई


ओल्ड मॅसेट,
१४ जून

म्युरिएल,

नमस्कार नाही.

ऑर्विलने फोनवर सांगितलं की तो राहतोय आणि म्युरिएलताईंनी तसं सांगितलंय. दोन कावळ्यांच्या मध्ये गरुडाला कुणी बोलावलं होतं? माझी बहीण ग्रेटा, लिंडन एवढासा असताना गेली. आईच्या बाजूचं त्याला उरलं कोण, तर मी आणि ऑर्विल. आता शंभर माणसांसमोर मामाची जागा रिकामी दिसणार, आणि लोक काय समजायचं ते समजणार. पुन्हा प्यायलाय म्हणतील. मी सगळ्यांना सांगणार आहे की त्याची पाठ धरली आहे. तूही तेच सांग. एवढं तरी कर.

शाली झाल्या. जॅमच्या बरण्या भरल्या. लोभ तूर्त बंद आहे.

लविना

केक आणायचाच आहे. राग वेगळा, केक वेगळा.


ओल्ड मॅसेट,
४ जुलै

चि. ऑर्विल यास लविनाताईचे अनेक आशीर्वाद.

फोन करणार होते, पण पत्राची सवय लागली. आणि हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही.

पंगत झाली. सकाळी धुकं होतं, समुद्र दिसत नव्हता. म्युरिएलच्या पुतण्यांनी दगड उचलला. मधोमध एकाचा पाय घसरला, आणि म्युरिएल अशी ओरडली की दगड घाबरून सरळ बसला. बसल्यावर बघितलं तर खरंच सरळ. वाकड्या चोचीचा कावळा समुद्राकडे तोंड करून. मग आम्ही हॉलमध्ये आलो. मी मोजलं नाही, पण खुर्च्या कमी पडल्या. मॅसेटहून आलेली पोरं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसून जेवली. मंगळवारच्या माणसांना रोझलिनने एका टेबलावर बसवलं होतं, अगदी पुढे. त्यातले दोघं तेच, तुला माहीत आहेत ते. परत आले आहेत.

भाषणाची वेळ आली तेव्हा मी उठले. तुझी पाठ धरली आहे असं सांगायचं ठरवलेलं होतं. मी म्हणाले, माझा भाऊ ऑर्विल आज इथे नाही, कारण. आणि माझी नजर त्या टेबलावर गेली. ती सगळी माझ्याकडे बघत होती, ऑर्विल. ताटातला चमचासुद्धा कुणी उचलत नव्हतं. त्यांना खोटं लगेच कळतं, आयुष्यभर तेच ऐकलंय आणि तेच सांगितलंय. मला पाठ आठवेचना. मी म्हणाले, तो इथे नाही कारण तो दारू सोडायला गेला आहे, आणि अर्ध्यातून यायला नको म्हणून थांबला आहे. मीच त्याला ये म्हणत होते. त्याने माझं ऐकलं नाही. बरं केलं.

मला वाटलं झालं, कावळ्यांचं नाक गेलं. मग मागून कुणीतरी म्हातारा हावा म्हणाला, मग दुसरा, आणि मग टेबलं वाजवायला लागले. आधी मंगळवारचं टेबल, मग सगळीच. बरण्या नाचत होत्या. म्युरिएलचा केकसुद्धा जमिनीवर गेला, त्यामुळे तो मध्ये कसा होता ते या वर्षी कळलं नाही.

नंतर भांडी विसळताना ती बटाट्यांवाली बाई माझ्याजवळ आली. फडका हातात धरून बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग विचारलं की तिथे जागा कशी मिळते. तिच्या मुलासाठी. मी तिला रोझलिनकडे नेलं. मला तिच्यावर राग धरायचा होता, पण हात ओले होते आणि ती रडत होती.

म्युरिएलशी बोलणं सुरू केलंय. तिच्याशिवाय भांडायला दुसरं आहे कोण?

तू तुझं काम पुरं करूनच ये. घाई केलीस तर पाठच मोडीन, मग ते खोटं नाही राहायचं.

तुझी,
लविनाताई


स्किडेगेट,
११ ऑगस्ट

प्रिय लविना हिला म्युरिएलचा सप्रेम नमस्कार.

तुझा भाऊ उद्या बसने तुझ्याकडे पोचेल. आज माझ्याकडे जेवून झोपला आहे, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. फोन करू नको म्हणाला. तो येण्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून बसवाल्याच्याच हाती हे पत्र पाठवतेय, त्याला बजावणार आहे, आधी पत्र दे, मग भाऊ.

सकाळच्या बोटीने आला. धक्क्यावर मी गाडी घेऊन गेले होते. मला तो आधी ओळखूच आला नाही; बारीक झालाय, दात बसवलाय, आणि नव्या दातामुळे सगळ्यांकडे बघून हसतो. गाडीत बसल्यावर म्हणाला, समुद्राचा वास घेऊ दे जरा, आणि खिडकी खाली करून कुत्र्यासारखं डोकं बाहेर काढून बसला. मी म्हटलं घरी जाऊ, कॉफी तयार आहे. तो म्हणाला, ताई, आधी दगड.

गेलो. ऊन होतं, गवत कुणीतरी कापलेलं होतं. त्याने कावळ्याची चोच बोटाने चाचपून पाहिली. मला वाटलं याला एकट्याला सोडावं, म्हणून मी गाडीकडे निघाले. तर मागून हाक मारली. म्हणाला, थांबा, तुम्ही गेलात तर हे धरलं जायचं नाही. आमच्या बाजूचा माणूस बोलतो तेव्हा तुमच्या बाजूचं कुणीतरी ऐकायला लागतं.

मग त्याने टोपी काढली, खांदे सरळ केले आणि हॉल भरलेला असल्यासारखं मोठ्याने बोलायला लागला. आधी आपलं नाव सांगितलं, आपल्या हैदा भाषेतलं नाव, मग आईचं, मग घराण्याचं. आवाज फाटत होता पण थांबला नाही. म्हणाला, आपल्यात रीत अशी की मामाने भाच्याला शिकवायचं. लाकूड कसं निवडायचं, होडी कशी हाकायची, माणसांत कसं उभं राहायचं. आमच्या घरात ते उलटं झालं. भाच्याने मामाला शिकवलं. मामा उशिरा शिकला, भाचा गेल्यावर शिकला, पण शिकवणारा तोच होता. हे मी त्याचा मामा म्हणून सांगतो, आणि गरुडांच्या समोर सांगतो.

एवढंच. आरशासमोर तयार केलेलं लांबलचक भाषण होतं ना, त्यातलं एक वाक्य नव्हतं. मी काय करणार? टाळ्या वाजवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी हावा म्हणाले, आणि ते मला मोठ्याने म्हणता आलं नाही. लविना, फेब्रुवारीत मी जे लिहिलं ते तेव्हा बरोबर होतं. आज ते बरोबर नाही. दोन्ही गोष्टी तुला लेखी देते.

गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, बाबा रे, फुकट ऐकायची पद्धत नाही, साक्षीदाराला काहीतरी द्यावं लागतं. मी थट्टेने म्हणाले होते. त्याने पिशवीत हात घातला आणि स्वतः शिवलेला कातडी बटवा काढून माझ्या मांडीवर ठेवला. चेन उलटी लागलीय, आतून उघडते. शिवण तर अशी की छोटा मासा सहज निसटून जाईल. इतकी कुरूप वस्तू आमच्या घरात आजवर आलेली नाही, आणि माझ्या नवऱ्याचा फोटो धरून बोलतेय. बटवा टेबलावर ठेवलाय, माझ्यासमोर.

तेव्हा माझा मोबदला मला मिळाला आहे आणि मी आता बांधलेली आहे. दुकानात, बिंगोत, चर्चच्या पायरीवर, मॅसेटला किंवा इथे, आज किंवा मी नव्वदीची झाल्यावर, कुणीही विचारलं की त्या पोराच्या दगडापाशी त्याचा मामा बोलला की नाही, तर मला एकच सांगायचं आहे. ऑर्विल बोलला. मी तिथे होते.

तो आता उठतोय वाटतं, खाट करकरली. त्याला वाढायला जाते. माया असू दे.

तुझी,
म्युरिएल